पिशवीत किती, पावतीवर किती?



रेशन दुकानात अंगठा लावला की यंत्रातून पावती निघते. ती तुमच्या हातात येते का? आमच्या गटानं तीन महिने पावत्या मागून घेतल्या आणि धान्य घरी आणून तोललं. पाच माणसांच्या घरी पावतीवर २५ किलो, पिशवीत २२. विचारलं, तर ‘फुकटचं आहे, त्यात काय मोजायचं?’ जानेवारी २०२३ पासून धान्य मोफत आहे हे खरं. पण त्याचे पैसे सरकारी तिजोरीतून जातात, दुकानदाराचं कमिशनही तिथूनच येतं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलो, अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो दरमहा ठरवून दिलंय. दुकानावर लक्ष ठेवायला दक्षता समिती आणि तिच्यात बायकांना जागा, हेही त्याच कायद्यात आहे. आता समितीत दुकानदाराचेच पाहुणे बसले, तर लक्ष कोण ठेवणार? म्हणून ग्रामसभेत आम्ही समितीची यादी मोठ्यानं वाचायला लावली. आमच्यातल्याच एकीला आपण सभासद आहोत हे तिथं कळलं! सही कुणी केली होती, देव जाणे.

दुकानात किती धान्य आलं, किती वाटलं, याचा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही तहसील कार्यालयात दिलाय. फी १० रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. उत्तर ३० दिवसांत द्यावं लागतं. आमचे आज एकोणीस झाले.