तात्पुरती गाडी: घेतानाचा नव्हे, विकतानाचा भाव बघा
(जिल्हा बैठकीतील भाषण)



आज आम्ही कापसाच्या भावावर बोलणार नाही. तो कापूस ज्या गाडीतून बाजारात जातो, त्या गाडीवर बोलणार आहोत. कापसात मिळालेले चार पैसे गाडीच्या चाकाखाली जात असतील, तर तोही हिशेब मांडला पाहिजे.

आमच्या पाच घरांत मिळून एक पिकअप आहे. दसऱ्याच्या तोंडावर तिचे इंजिन बसले. वेचणी सुरू झालेली, आणि मिस्त्री म्हणाला दोन-अडीच महिने लागतील. नवी घ्यायला पैसा नाही. तो कापूस विकल्यावरच येणार. मग तीन-चार महिन्यांपुरती जुनी गाडी घ्यावी आणि काम झाले की विकावी, असे ठरले.

कोणीतरी सांगितले, अलिबागकडे मांडव्याला एक पिकअप फार स्वस्तात आहे. आमच्यातले तिघे निघाले. मार्च 2020 पासून मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट जाते. माणसे वर आणि मोटारी बोटीच्या पोटात. तासाभरात पोचलो. 1933 साली ज्या चरी गावच्या कुळांनी खोतांविरुद्ध संप करून वर्षानुवर्षे जमिनी पडीक ठेवल्या, ते गावही याच अलिबाग तालुक्यातले. त्या मातीला नमस्कार केला आणि गाडी बघायला गेलो.

गाडी वरून नवरीसारखी. नवा रंग, नवी ताडपत्री. पण गाडीखाली वाकून चेसिसवर पाना आपटला, तर पापुद्रे गळाले. पाट्यांचे बोल्ट गंजून एकजीव झालेले. किनाऱ्यावरची गाडी खारा वारा खाते, आणि मासळी वाहिलेली असेल तर बर्फाचे खारट पाणी हौद्यातून खाली झिरपते. त्यात गाडीवाल्याचा दोष नाही, तो समुद्राचा गुण आहे. पण आम्ही एकमेकांना एकच प्रश्न विचारला: ही आपल्या तालुक्यात चार महिन्यांनी कोण घेईल? जो पाना आम्ही आपटला, तो पुढचा गिऱ्हाईकही आपटणारच. आम्ही हात हलवत परत आलो.

भावांनो, आता आकडे मांडू. समजा, अशी गाडी 1,90,000 रुपयांना घेतली आणि 1,20,000 ला गेली. तूट 70,000. नाव, विमा, ऑइल-पाणी मिळून 12,000. बारा टक्क्यांनी तीन महिन्यांचे व्याज 5,700. एकूण 87,700 रुपये गेले. उलट, आपल्या भागात खपणारी, सुटे भाग तालुक्याला मिळणारी गाडी 2,80,000 ला घेतली आणि 2,60,000 ला विकली, तर तूट 20,000, वरचा खर्च 12,000, व्याज 8,400, एकूण 40,400. मग स्वस्त गाडी कोणती?

आणि भाड्याचाही हिशेब करा. डिझेल सोडून फेरीला 1,500 रुपये भाडे पडत असेल, तर 27 फेऱ्यांच्या आत काम असणाऱ्याने गाडी घेऊच नये, भाड्याने आणावी.

दुसरी गोष्ट कागदांची. तात्पुरती गाडी म्हटले की दलाल सांगतो, "नावावर कशाला करता, दोन महिन्यांचा तर प्रश्न. सह्या केलेले फॉर्म ठेवा, पुढच्याला द्या." हा सापळा आहे. मोटार वाहन कायदा 1988 प्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने 14 दिवसांत आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत आरटीओला कळवायचे असते. विमाही 14 दिवसांत आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की अपघाताची भरपाई देण्याची जबाबदारी ज्याचे नाव नोंदणीत, त्याची. म्हणजे आपण गाडी विकली, घेणाऱ्याने नाव बदलले नाही आणि रस्त्यावर माणूस दगावला, तर दावा आपल्या दारात येणार. म्हणून घेताना नावावर करा, विकताना समोरच्याच्या नावावर झाल्याशिवाय स्वस्थ बसू नका. गाडीवर कर्ज असेल तर बँकेची सही असलेला फॉर्म 35 हातात घ्या. मालवाहू गाडी आठ वर्षांवरची असेल तर दरवर्षी फिटनेस लागते. विकताना फिटनेस शिल्लक राहील अशीच घ्या.

तिसरी गोष्ट. जुन्याचा भाव नव्याच्या भावावर उभा असतो. 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरून 18 टक्के आणि ट्रॅक्टरचा 12 वरून 5 टक्के झाला. नवी गाडी स्वस्त झाली की जुन्याचा भाव उतरणारच. म्हणून सौद्याच्या दिवशी शोरूमचा भाव आधी विचारा.

हे आम्ही कोणाला शिकवतो आहोत? दात बघून बैल घेणाऱ्याला! आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला, हे आपल्याला शाळेआधी कळते. पेरणीला बैल घ्यायचा, हंगाम झाला की विकायचा आणि थोड्या तुटीत वर्ष काढायचे, ही आपल्या बापजाद्यांची रीत. म्हाताऱ्या बैलालाही गिऱ्हाईक होते, म्हणून पुढच्या बैलाला पैसा उभा राहत होता. मार्च 2015 मध्ये सरकारने बैलाच्या कत्तलीवरही बंदी घातली आणि ते गिऱ्हाईक काढून घेतले. आपल्या दावणीची किंमत आपल्याला न विचारता पाडली गेली. ती लढाई वेगळी, आणि ती लढलीच पाहिजे.

पण गाडीचे गिऱ्हाईक अजून शाबूत आहे. ते आपल्या हाताने घालवू नका. गाडी घेण्याआधी आपल्याच बाजारात दोन मिस्त्री आणि दोन गाडीवाल्यांना विचारा: "चार महिन्यांनी ही कितीला घ्याल?" चौघेही गप्प राहिले, तर गाडी फुकट मिळाली तरी महाग आहे.