फॉक्सग्लोव्ह : देखणे, टिकाऊ, पण जपून!

जून महिन्यात इंग्लंडमधल्या घरांपुढून चालत गेलात, तर उंच दांड्यांवर घंटांसारखी लोंबणारी फुले हमखास दिसतील. हे फॉक्सग्लोव्ह. नेहमीचे जांभळे फॉक्सग्लोव्ह पहिल्या वर्षी नुसती पाने देते, दुसऱ्या वर्षी फुलते, बी धरते आणि बहुधा मरून जाते. म्हणून माझ्या इथल्या बागेत मी वर्षानुवर्षे टिकणाऱ्या जाती लावतो.

त्यांतली फिकट पिवळ्या फुलांची ‘ग्रँडिफ्लोरा’ सर्वांत भरवशाची. तिचा आणि जांभळ्या जातीचा संकर म्हणजे गुलाबी ‘मर्टोनेन्सिस’. दर दोन-तीन वर्षांनी, बहर संपल्यावर, तिचा गड्डा विभागून पुन्हा लावला की ती टिकते. दोघींनाही अर्धी सावली आणि ओलसर, पण पाणी न साचणारी जमीन हवी. ‘ग्रँडिफ्लोरा’चे बी अगदी बारीक. उगवायला त्याला उजेड लागतो. म्हणून ते मातीवर पसरावे, वर माती लोटू नये. फुले सरली की दांडा कापावा, म्हणजे झाडाची शक्ती बियांत जात नाही.

आता महत्त्वाचे. हे झाड मुळापासून बियांपर्यंत विषारी आहे. आपल्याकडच्या कण्हेरीसारखेच त्याचे विष थेट हृदयावर काम करते. तरीही त्यातूनच औषध निघाले. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरांना अंगावरच्या सुजेवरचा एक गावठी काढा कळला. त्यात वीस किंवा त्याहून अधिक वनस्पती होत्या. गुण फॉक्सग्लोव्हचा, हे त्यांनी ओळखले आणि मात्रेचा काटेकोर अभ्यास करून 1785 साली पुस्तक लिहिले. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे, हे त्यांना दिसले होते. आजही या कुळातले डिगॉक्सिन डॉक्टर रक्त तपासत, मोजून देतात.

म्हणून घरगुती काढ्याचा विचारही नको. फुले येण्याआधी जांभळ्या फॉक्सग्लोव्हची पाने कॉम्फ्री नावाच्या वनस्पतीसारखी दिसतात. त्या गफलतीतून माणसांना विषबाधा झाली आहे. यातले कोणतेही फॉक्सग्लोव्ह भाजीच्या वाफ्याजवळ लावू नका, हाताळताना हातमोजे घाला, मुलांना झाड दाखवून त्याचे नाव आणि गुण दोन्ही सांगा. पान तोंडात गेलेच, तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जा.

एवढे सांभाळले, तर सावलीतला रिकामा कोपरा हे झाड वर्षानुवर्षे फुलवत राहील.