अमेरिकेतील यादवी आणि आपला कापूस



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा पुष्कळांना तो अस्थानी वाटला असेल. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले आणि त्याच्या पहिल्या वसाहतींत आपली वागळे इस्टेट उभी राहिली. येथे यंत्रांचे सुटे भाग झाले, औषधे झाली, रंग झाले. आता पुष्कळशा कारखान्यांच्या जागी काचेच्या कचेऱ्या आल्या आहेत. अशा ठिकाणी दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रांपलीकडील लढाईची कथा कशाला? परंतु त्या लढाईचा एक धागा ठाण्याच्या स्टेशनावरून गेला आहे, आणि तो कापसाचा आहे. तो उलगडून पाहावा एवढाच आमचा हेतू.

प्रथम मूळ भांडण काय होते ते पाहू. १७९३ साली एली व्हिटने नावाच्या अमेरिकन गृहस्थाने सरकी वेगळी करण्याचे यंत्र बनविले. यंत्र आले म्हणजे माणसाचे कष्ट कमी व्हावेत असे आपण समजतो. येथे उलटेच घडले. सरकी काढणे सोपे झाल्याबरोबर कापूस लावणे अतोनात फायद्याचे झाले, आणि लावणीला व वेचणीला माणसे हवीत म्हणून गुलामांची मागणी वाढली. १७९० च्या खानेसुमारीत त्या देशात सुमारे ७ लाख गुलाम होते. १८६० साली ते साडेएकोणचाळीस लाखांवर गेले. लोकसंख्या तेव्हा सव्वातीन कोटींच्या आत होती, म्हणजे दर आठ माणसांमागे एक माणूस दुसऱ्याच्या मालकीचा. आणि राज्यघटनेतील मौज अशी की, प्रतिनिधींची संख्या ठरविताना गुलामाचे पाच भाग करून त्यातील तीन हिशेबात धरायचे. मत अर्थात त्याला नाहीच. ते तीन भागही धन्याच्याच पारड्यात!

पश्चिमेकडे नवी राज्ये बनत होती. त्यांत गुलामगिरी असावी की नसावी यावरून चाळीसेक वर्षे तडजोडी झाल्या आणि मोडल्या. १८६० च्या नोव्हेंबरात अब्राहम लिंकन निवडून आला. जेथे गुलामगिरी आहे तेथे हात लावणार नाही, मात्र नव्या मुलखात ती पसरू देणार नाही, एवढेच त्याचे म्हणणे होते. दक्षिणेला तेवढेही सोसवले नाही. त्याच डिसेंबरात साऊथ कॅरोलिना फुटून निघाले, मागोमाग आणखी सहा राज्ये गेली, आणि १२ एप्रिल १८६१ रोजी सम्टर किल्ल्यावर तोफा सुरू झाल्या.

दक्षिणेचे कैवारी पुढे म्हणू लागले की, युद्ध गुलामगिरीसाठी नव्हतेच, राज्यांच्या हक्कांसाठी होते. आमच्या मते ही पश्चात्बुद्धी आहे. फुटून निघताना मिसिसिपीने जे कारणपत्र प्रसिद्ध केले त्यात गुलामगिरीचेच नाव आरंभी आहे. आणि त्यांच्या नव्या सरकारचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांनी मार्च १८६१ मधील जाहीर भाषणात काळ्या माणसाचे कनिष्ठत्व हीच आमच्या राज्याची कोनशिला असे उघड सांगितले. हरल्यावर कोनशिला बदलता येत नाही.

मात्र उत्तरेलाही फार सोवळे समजू नये. लिंकनचा पहिला हेतू राज्यसंघ टिकविण्याचा होता. गुलाम बाळगणारी चार राज्ये त्याच्याच बाजूला राहिली होती आणि त्यांना दुखविण्याची त्याची तयारी नव्हती. मग हे युद्ध गुलामांच्या मुक्तीचे झाले कसे? येथे एक प्रसंग सांगितल्यावाचून आम्हांला पुढे जाववत नाही.

मे १८६१. व्हर्जिनियात फोर्ट मन्रो हा किल्ला उत्तरेच्या ताब्यात होता. दक्षिणेच्या सैन्यासाठी तोफांचे मोर्चे बांधण्यास जुंपलेले तीन गुलाम एका रात्री होडीत बसून त्या किल्ल्याशी आले. फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी आणि जेम्स टाऊनसेंड ही त्यांची नावे. दुसऱ्या दिवशी पांढरे निशाण घेऊन धन्याचा माणूस हजर! पळालेले गुलाम परत करण्याचा तुमचा कायदा आहे, आमचा माल परत द्या, ही त्याची मागणी. किल्ल्याचा सेनापती बटलर पेशाने वकील होता. त्याने उत्तर केले की, व्हर्जिनिया स्वतःला परका देश म्हणवते, तेव्हा आमचा कायदा तुम्हांला लागू नाही. आणि शत्रू जो माल युद्धाच्या कामी वापरतो तो जप्त करण्याचा आम्हांला अधिकार आहे. माणसाला माल म्हणणाऱ्यांच्याच शब्दाने ती तीन माणसे सुटली. बातमी पसरली आणि किल्ल्याकडे बायकापोरांसह रीघ लागली. लिंकनने मुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ पासून अमलात आणला खरा, पण त्याच्या दीड वर्ष आधी पायाने चालत जाऊन हा प्रश्न सरकारपुढे मांडला तो गुलामांनी स्वतः. पुढे सुमारे १,८०,००० काळे सैनिक उत्तरेच्या पलटणींतून लढले. युद्धात सहा लाखांहून अधिक माणसे मेली. गोळीपेक्षा रोगराईने जास्त.

आता आपल्याकडे वळू. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे कोंडली. लँकेशायरच्या गिरण्यांना लागणारा बहुतेक कापूस त्या बंदरांतून येई, तो आटला. गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानाकडे फिरली. ठाण्यापर्यंत आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीच आली होती, पुढच्या वर्षी ती कल्याणला पोचली होती. खानदेशाच्या बाजूने रुळाचे टोक कसाऱ्याला अडले होते. थळघाटातून कापूस बैलगाड्यांनी येई, खाली गाडीत चढे. बोरघाट १८६३ साली खुला झाला, थळघाट १ जानेवारी १८६५ रोजी. दोन्ही फाटे कल्याणला मिळतात. म्हणजे देशावरचा जो कापूस आगगाडीने मुंबईस गेला तो ठाण्याच्या खाडीवरून गेला.

कापसाचा भाव चौपटीच्या आसपास चढला. लोकांनी गाद्या-उशा फोडून कापूस विकल्याच्या गोष्टी सांगतात. नेहमीच्या मिळकतीवर या चार-पाच वर्षांत मुंबईत ८ कोटी १० लाख पौंड जादा आले असा त्या काळचा अंदाज आहे. एवढ्या पैशाचे करायचे काय? बँका निघाल्या, समुद्र बुजविण्याच्या कंपन्या निघाल्या. बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा शेअर पन्नास हजारांवर गेला. प्रेमचंद रायचंद यांच्या होकारावर शहराचे डोके फिरत होते. १८६४ च्या मोजणीत मुंबईची वस्ती ८,१६,५६२ भरली.

त्याच दिवसांत लँकेशायरचा मजूर उपाशी होता. गिरण्या बंद, घरातील भांडीकुंडी गहाण. इंग्लंडने दक्षिणेला मान्यता द्यावी, कोंडी फोडावी, की कापूस येईल आणि चूल पेटेल, असे त्याला सांगणारे पुष्कळ होते. तरीही ३१ डिसेंबर १८६२ रोजी मँचेस्टरला कामकऱ्यांची मोठी सभा भरली आणि तिने लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. लिंकनने १९ जानेवारीला त्याचे उत्तर दिले. सगळेच मजूर असे वागले असे आम्ही म्हणत नाही. दक्षिणेच्या बाजूचेही होते. पण ज्यांचे पोट त्या युद्धाने मारले त्यांच्यातील कितीतरी गुलामाच्या बाजूने उभे राहिले, आणि ज्यांचे घर त्या युद्धाने भरले त्या आपल्या मुंबईला लढाई कशासाठी चालली आहे याचे फारसे सोयरसुतक नव्हते. तिला लढाई लांबायला हवी होती.

ती लांबली नाही. ९ एप्रिल १८६५ रोजी जनरल ली शरण आला. कापूस कोसळला, १ जुलैला वायद्याचे दिवस भरले आणि पेढ्यांमागून पेढ्या बसल्या. बँक ऑफ बॉम्बेसुद्धा टिकली नाही. १८७२ साली मुंबईची वस्ती ६,४४,४०५ उरली. तेजीची खूण म्हणून राजाबाई टॉवर आपण आजही पाहतो. तो प्रेमचंदांच्या देणगीतून झाला. शेतकऱ्याच्या घरी अशी खूण राहिली नाही. तेजीत सावकाराने सढळ हाताने दिलेले कर्ज मात्र राहिले, वर सरकारी साराही वाढला. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुप्याला शेतकरी उठले आणि त्यांनी सावकारांच्या वह्या व कर्जरोखे जाळले. दख्खनच्या दंग्याला कारणे अनेक होती, पण रिचमंड पडल्याची झळ सुप्याच्या बाजारापर्यंत आली होती हे नाकारता येत नाही.

या गदारोळात एका मराठी माणसाने त्या युद्धाकडे निराळ्या नजरेने पाहिले. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केले आणि ते नीग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झिजलेल्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केले. आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवून शूद्रांना मोकळे करावे, अशी आशाही तेथेच नोंदविली. कापूस नव्हे, उदाहरण घ्यावे असे पुण्यात बसून त्यांना वाटले. अमेरिकन गोऱ्यांना जोतीरावांनी पदरचे जरा जास्तच गुण दिले असे आज कोणी म्हणेल, आणि ते खोटेही नाही. पण त्यांचे बोलणे अमेरिकेशी नव्हतेच. ते आपल्याशी होते.

आणि खुद्द अमेरिकेत पुढे काय झाले? डिसेंबर १८६५ मध्ये घटनेच्या तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी गेली. परंतु मोकळ्या झालेल्या माणसाला जमीन मिळाली नाही. जनरल शर्मनने काही किनारपट्टीवर चाळीस चाळीस एकर वाटण्याचा हुकूम काढला होता, तो लिंकनच्या मागून आलेल्या अध्यक्ष जॉन्सनने त्याच वर्षी फिरविला. मग जुन्या धन्याचीच जमीन वाट्याने करायची, बी-बियाणे उधार घ्यायचे, आणि पीक निघाले की हिशेबात पुन्हा देणेच निघायचे. साखळीच्या जागी खातेवही आली.

ही खातेवही आपल्या जिल्ह्याला अपरिचित नव्हती. कंपनी सरकारने १८४३ च्या कायद्याने गुलामगिरीची कायदेशीर मान्यता काढून घेतली होती. तरी शंभर वर्षांनंतर डहाणू-उंबरगावच्या जंगलात वारली तरुण लग्नासाठी सावकाराकडून थोडेसे कर्ज काढी आणि त्याच्या फेडीसाठी नवरा-बायको दोघेही सावकाराकडे राबत. मजुरी व्याजात जाई, मुद्दल जागच्या जागी. अशा माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. कोणत्याही दप्तरात तो गुलाम म्हणून नोंदलेला नव्हता. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली, तीत काही वारली आले होते. मे महिन्यात झरी गावी सभा झाली, आणि गोदावरी व शामराव परुळेकर यांच्याबरोबरच्या कार्यकर्त्यांनी गावोगाव हिंडून लग्नगडी सोडविले. १० ऑक्टोबर १९४५ रोजी तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि आणखी चौघे मेले.

पुढे उंबरगाव गुजरातेत गेले, डहाणू २०१४ साली पालघर जिल्ह्यात गेले. वेठबिगार बंद करणारा देशाचा कायदा १९७६ साली झाला, आणि त्यानंतरही १९८० च्या दशकात वसईच्या बाजूला कर्जापायी राबणारे वेठबिगार एकेकाचे नाव कागदावर घेऊन सोडवावे लागले.