मास्टर जूबा: ज्याचा एकही व्हिडिओ नाही असा डान्सर

हेडफोन लावलेत ना? कारण आजची गोष्ट पायांच्या आवाजाची आहे.

टॅप डान्स तुम्ही रील्सवर पाहिला असेल. बुटांनी जमिनीवर ताल धरतात तो. या नाचाच्या मुळाशी जी माणसं आहेत, त्यांतलं एक मोठं नाव म्हणजे विल्यम हेन्री लेन, उर्फ मास्टर जूबा. जन्म साधारण 1825 चा, अमेरिकेतला.

आधी 'जूबा' म्हणजे काय ते सांगतो. साउथ कॅरोलिनात 1740 च्या कायद्याने गुलामांना ढोल वाजवायला बंदी केली. ढोल नाही, तर नाही! टाळ्या, मांड्या, छाती, पाय, सगळ्या अंगाचंच वाद्य. अशा थापांच्या नाचाला जूबा म्हणायचे.

न्यूयॉर्कच्या 'फाइव्ह पॉइंट्स' वस्तीत काळे लोक आणि गरीब आयरिश शेजारी-शेजारी राहायचे. तळघरातल्या दारूच्या अड्ड्यांवर आयरिश जिग आणि आफ्रिकन ताल एकमेकांत मिसळले. जूबा तिथेच गाजला. 1844 च्या सुमारास जॉन डायमंड या नावाजलेल्या गोऱ्या डान्सरशी त्याच्या जुगलबंद्या झाल्या.

त्या काळी गोरे कलाकार तोंडाला काळं फासून काळ्यांची टिंगल करायचे. 'मिन्स्ट्रेल शो' म्हणायचे त्याला. जूबालाही काम तिथेच मिळालं. तरीही 1845 मध्ये गोऱ्यांच्या कंपनीच्या जाहिरातीत याचं नाव सगळ्यात वर होतं! त्याचा एक आयटम तर भारीच. आधी तो इतर नामांकित डान्सर्सची हुबेहूब नक्कल करायचा आणि शेवटी काय, तर स्वतःचीच नक्कल! म्हणजे, आता ओरिजिनल बघा.

चार्ल्स डिकन्सने 1842 च्या 'अमेरिकन नोट्स'मध्ये फाइव्ह पॉइंट्समधल्या एका डान्सरचं जबरदस्त वर्णन केलंय, पण नाव दिलेलं नाही. 1848 ला जूबा लंडनला गेला, तेव्हा जाहिरातवाल्यांनी त्याला 'बॉझचा जूबा' करून टाकलं. बॉझ हे डिकन्सचं टोपणनाव. म्हणजे डान्स याचा, ओळख मात्र लेखकाची.

तिशी गाठायच्या आतच तो गेला. म्हणजे माझ्याच वयाचा. पुढे जवळजवळ शंभर वर्षं त्याला कोणी फारसं विचारलं नाही. 1947 मध्ये मॅरियन हॅना विंटर या अभ्यासक बाईंनी त्याच्यावर सविस्तर लेख लिहिला, तेव्हा हे नाव पुन्हा वर आलं.

आम्हा कोडिंगवाल्यांना हे लगेच कळेल. कोड प्रॉडक्शनमध्ये मस्त चालतोय, पण गिटच्या हिस्टरीत लिहिणाऱ्याचं नावच नाही. आपल्याकडेही तमाशाच्या फडात नाचलेल्या कितीतरी जणींचं हेच झालंय. अदा राहिली, नाव गेलं.

म्हणून एक काम करा. गावच्या जत्रेतला नाच शूट कराल ना, तेव्हा नाचणाऱ्याला नाव विचारा आणि कॅप्शनमध्ये टाका. दोन मिनिटांचं काम आहे.

चला, भेटू पुढच्या एपिसोडला!