काळ्या पाण्याला संसार न्यायचा का?

भांडी घासत ऐकत असाल तर नळ जरा बारीक करा, कारण आजचं बोलणं पाण्याचंच आहे. आम्ही माणदेशातल्या एका बचत गटाच्या अकरा जणी. बोलायला एकच बसली असली तरी हे बोलणं आम्हा सगळ्यांचं आहे. मागच्या दोन बैठका आमचा हप्त्याचा हिशेब मागं राहिला आणि एकाच गोष्टीवर वाद झाला, तो तुमच्यापुढं मांडतो.

आमच्या गटाची सचिव, आम्ही तिला धाकटी वहिनी म्हणतो, तिचा नवरा तीन वर्षांपासून अंदमानात वायरमनचं काम करतो. एका हॉटेलच्या ठेकेदाराकडं. वर्षातून एकदा येतो, पंधरा दिवस राहतो, परत जातो. यंदा त्याचा फोन आला, ठेकेदार राहायला खोली देतोय, तू आणि पोरं इकडंच या. इथपर्यंत आम्हाला आनंदच होता. पुढं तो म्हणाला, विहिरीजवळचा अर्धा एकर विकू, त्या पैशात जाणं होईल आणि तिथं एखादी टपरी टाकता येईल. हे वाक्य वहिनीनं बैठकीत सांगितलं तेव्हा सगळ्या गप्प झाल्या. तिच्या शेळ्यांच्या कर्जातले अठरा हजार अजून फिटायचे आहेत हा भाग वेगळाच.

अंदमान म्हटलं की आपल्याला काळं पाणी आठवतं. शाळेच्या पुस्तकात सेल्युलर जेल होती, सावरकर बंधू होते. त्यामुळं आमच्यातली एक आक्का सरळ म्हणाली, लोकांना शिक्षा म्हणून जिथं धाडायचे तिथं पोरं घेऊन कशाला जायचं? पण आज तिथं लाखो लोक संसार करतात. २०११ च्या जनगणनेत सगळ्या बेटांची मिळून वस्ती तीन लाख ऐंशी हजार होती. बेटं आठशेच्या वर, त्यातल्या तीसेक बेटांवरच माणसं राहतात. मुख्य गाव पोर्ट ब्लेअर, २०२४ पासून त्याचं नाव श्री विजयपुरम झालं आहे. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना सरकारनं तिथं जमिनी देऊन वसवलं. तमिळ आहेत, तेलुगू आहेत, रांचीकडचे आहेत, आणि जुन्या कैद्यांची नातवंडं-पतवंडं तर आहेतच. आपसात सगळे हिंदी बोलतात.

ऐकीव माहितीवर निर्णय नको म्हणून आम्ही शेजारच्या वाडीच्या एका काकींना बोलावलं. त्यांचे मालक नोकरीनिमित्त तिथं होते, काकी पाच वर्षं राहून आल्या. त्यांनी आल्या आल्या विचारलं, "तिच्याकडं झाकणाचे ड्रम किती आहेत?" आम्हाला हसू आलं. तिथं तर आपल्या पाच-सहापट पाऊस! मे महिन्यापासून डिसेंबरपर्यंत येतोच आहे, आधी एका बाजूचा, मग दुसऱ्या बाजूचा. काकी म्हणाल्या, "पडतो, आणि उतारानं समुद्रात जातो." शहराला मुख्य पाणी एका धरणाचं, ते उन्हाळ्यात तळाला जातं. काकींच्या गल्लीत एप्रिलमध्ये तिसऱ्या दिवशी नळ यायचा, तोही अर्धा-पाऊण तास. चहूबाजूंनी पाणी आणि बाई बादली घेऊन रांगेत. आपण टँकरच्या मागं धावलेल्या बायका, आपल्याला हे नवीन नाही. पण टँकरपासून सुटका म्हणून कुणी जात असेल तर तिनं हे आधी ऐकावं.

महागाईचं गणित सोपं आहे. जे तिथं पिकतं-सापडतं ते स्वस्त आणि ताजं, म्हणजे मासे, नारळ, केळी, सुपारी. बाकी कांदा-बटाट्यापासून सिमेंटपर्यंत बहुतेक सगळं जहाजानं येतं. जहाज लांबलं की भाजीचा भाव चढतो. विजेसाठी जळणारं डिझेलसुद्धा जहाजानंच येतं. आमच्यात निम्म्या जणी माळकरी, त्यामुळं मासे स्वस्त म्हटल्यावर त्यांचे चेहरे पडले. वहिनी मात्र खाते. काकी ज्वारीचं पीठ इथून नेत. हवा इतकी दमट की महिन्याभरात त्याला जाळी लागायची. पापड तर वाळतच नाहीत, असं त्या दोनदा म्हणाल्या. त्याचं दुःख त्यांना अजून आहे.

सूर्यही तिथं आपल्या सव्वा तास आधी उगवतो, कारण बेटं लांब पूर्वेला आणि घड्याळ मात्र आपलंच. हिवाळ्यात संध्याकाळी पाचला दिवेलागण.

आता जाण्या-येण्याचं. चेन्नईपासून बेटं बाराशे किलोमीटरच्या आसपास. विमानानं दोन-सव्वादोन तास, जहाजानं जवळजवळ तीन दिवस, आणि जहाज रोज नसतं. काकींचे सासरे वारले तेव्हा विमानाच्या तिकिटाएवढे पैसे हातात नव्हते. पोचेपर्यंत दहावा झाला होता. त्यांनी हे सांगितलं तेव्हा वहिनीची सासू समोर बसली होती, रक्तदाबाच्या गोळ्यांची पिशवी मांडीवर घेऊन. ती काही बोलली नाही.

दवाखाना आहे, आता वैद्यकीय कॉलेजही आहे. पण मोठं दुखणं निघालं की पेशंटला चेन्नईला न्यावं लागतं. काकींचं दुसरं बाळंतपण असंच अडलं. विमानात बसेपर्यंतचे ते दोन दिवस आठवले की अजून हात कापतात म्हणाल्या. पोर वाचलं, यंदा बारावीला आहे. पण पाटल्या गेल्या त्या गेल्याच.

आणि भूकंप. २६ डिसेंबर २००४ ची त्सुनामी आपण टीव्हीवर पाहिली. निकोबारच्या बाजूला गावंच्या गावं वाहून गेली. हा सगळा पट्टा देशातल्या सर्वांत जास्त भूकंपाच्या भागात मोडतो. काकींना शेजारणीनं पहिल्या आठवड्यातच शिकवलं होतं: जमीन जोरात हलली तर सामान बघायचं नाही, फोन शोधायचा नाही, पोरं काखेत घ्यायची आणि चढ धरायचा.

एवढं ऐकल्यावर आम्ही मनातल्या मनात निकाल लावून टाकला होता. तेव्हा काकी म्हणाल्या, "पण मला परत जायला सांगितलं तर मी उद्या जाईन."

का, तर तिथं त्यांना कुणी 'तू कुणाची' म्हणून विचारलं नाही. कैद्यांची वस्ती होती ती. कोण कुठल्या जातीचा, कोण कुणाची लेक, हे पहिल्या पिढीतच पुसट झालं. एका नळावर बंगाली, तमिळ, झारखंडी. काकी तिथं सायकल शिकल्या. एका खानावळीत पोळ्या लाटायला जाऊ लागल्या, स्वतःचं खातं उघडलं. मालक कामावरून आले की दोघं समुद्रावर बसायचे. "लग्नाला नऊ वर्षं झाली होती," त्या म्हणाल्या, "नवऱ्याशी निवांत बोलले ती तिथं. इकडं परत आले आणि पदर पुन्हा डोक्यावर आला." मग त्यांनी पदर नीट केला, आणि आम्हीही आपापला केला.

ही गोष्ट आमच्या कुणाच्याच हिशेबात नव्हती. तीन वर्षं नवऱ्याचा आवाज फोनवरच ऐकणाऱ्या वहिनीच्या मात्र असावी. आता इंटरनेट बरं चालतं, २०२० साली चेन्नईहून समुद्राच्या तळातून केबल गेली, त्यामुळं व्हिडिओ कॉल होतो. धाकटा पोरगा बापाला मोबाईलमध्ये ओळखतो. घरी आला की लांब उभा राहतो.

दुसऱ्या बैठकीत वाद कडक झाला. थोरलीचं आठवीचं मराठी माध्यम, तिथं हिंदी किंवा इंग्रजी आणि केंद्राचा अभ्यासक्रम. दहावीच्या तोंडावर हे बदलणं आमच्या मते चूक आहे. रेशनची अडचण नाही, आपलं कार्ड आता देशात कुठंही चालतं, आणि काही माणसं तिथं, काही इथं असली तरी आपापला वाटा उचलता येतो. अर्ध्या एकराबद्दल मात्र आम्ही दहा जणी एका बाजूला होतो. खोली ठेकेदाराची आहे. काम संपलं की खोली गेली. तिथं पुढं जमीन घेऊ म्हणावं तर शंभरातला ऐंशीहून जास्त भाग जंगलाचा, त्यातला मोठा तुकडा जारवांसारख्या तिथल्या मूळ लोकांसाठी राखलेला. तिथं पाऊल टाकणं, त्यांचे फोटो काढणं गुन्हा आहे, आणि तसंच असावं. माणदेशातला विहिरीजवळचा अर्धा एकर विकून माणूस परत आला, तर उभा कुठं राहणार?

वहिनी एवढंच म्हणाली, "तुम्ही सगळ्या जमिनीचं बोलताय. माझ्याबद्दल कुणी विचारलं का?"

नव्हतं विचारलं. ती रडली नाही, वहीत आमच्या सह्या घेत राहिली.

शेवटी वाट सासूनंच काढली. म्हणाली, जमीन माझ्या नावावर आहे, मी सही करणार नाही. पण हिनं जावं, आधी बघायला. थोरलीला मी सांभाळते, धाकट्याला तिनं न्यावं. दिवाळीत जा म्हणून आम्ही सुचवलं, तर काकींनी हात हलवला: "दिवाळीत नको. तेव्हा हिरवंगार असतं, फसाल. एप्रिलमध्ये जा, नळाला पाणी नसतं तेव्हा." नवऱ्यानं फोनवर थोडी कुरबुर केली, मग ऐकलं.

तर वहिनी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात निघते आहे, पुण्याहून रेल्वेनं चेन्नई आणि पुढं जहाज. परतीचं तिकीट आधीच काढायला लावलंय, ते गटाच्या पेटीत आहे. दोन महिन्यांचे हप्ते ती भरून जाणार, आणि शेळ्या आमच्यातल्या दोघी वाटून घेणार. ज्वारीचं पीठ आम्ही स्टीलच्या डब्यात घट्ट भरून देतोय, दहाच किलो. मे महिन्याची बैठक पहिल्या सोमवारी आहे, ती फोनवरून हजर राहीन म्हणाली. तोवर वही कुणी लिहायची ते अजून ठरायचंय, आमच्यात तिच्यासारखं अक्षर कुणाचं नाही.

येतो आम्ही. नमस्कार.