वाफसा आणि वकील
(जुन्नर-आंबेगाव भागातील मेळाव्यात केलेले भाषण)



आज पिकाचे बोलायचे नाही, वकिलाचे बोलायचे आहे.

वि. म. तारकुंडे आपल्याच जिल्ह्यातले, सासवडचे. जन्म १९०९. पुण्याच्या शेतकी कॉलेजात शिकले, म्हणजे आमच्याच वाटेचे. मग लंडनला जाऊन बॅरिस्टर झाले. पुण्यात वकिली जमवली आणि १९४२ साली ती सोडून राजकीय कामात पडले. १९५७ साली मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले. निवृत्तीला अवकाश असताना १९६९ साली तीही खुर्ची सोडली आणि साठाव्या वर्षी सुप्रीम कोर्टात पुन्हा वकिली मांडली. नागरिकांच्या हक्कांसाठी अखेरपर्यंत झगडले. २००४ साली वारले.

आपल्या गावचा पोरगा वकील होतो आणि मुंबईच्या मोठ्या फर्ममध्ये कंपन्यांचे कागद लिहितो. त्याला दोष कसा द्यावा? तिथे पगार पहिल्या तारखेला येतो. आम्ही नोकरी सोडली तेव्हा घरात पहिला प्रश्न निघाला तो किराण्याच्या उधारीचा.

पण तो तालुक्याला हवा आहे. का, ते ऐका. डिंभे, माणिकडोह आपल्याच जमिनीवर उभी राहिली. आता रस्त्यांसाठी मोजणी होते. २०१३ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे मोबदला कमी वाटला तर कलम ६४ खाली लेखी अर्ज करता येतो. निवाड्याच्या वेळी आपण हजर असलो, तर मुदत सहा आठवडे. आणि हरकत न नोंदवता पैसे उचलले, तर हा हक्कच जातो. एक सही, आणि खेळ खलास! कोरडवाहू ज्वारी-कापूसवाल्याला वाफशाचे महत्त्व सांगायला नको. वाफसा उडाला की पेरणी गेली. मुदतीचेही तसेच आहे. त्या दिवशी कागद वाचणारा माणूस घोडेगावात, जुन्नरात बसलेला पाहिजे.

असा कोणी मोठी फर्म सोडून एकटा टेबल मांडून बसला, तर त्याला टिकवणे आपल्या हातात आहे. सातबारा, नोटीस, निवाड्याची नक्कल घेऊन सही करण्याआधी त्याच्याकडे जा, हरल्यावर नव्हे. फी ठरवा, पावती घ्या. "ज्वारी निघाल्यावर देतो" म्हणालात, तर ज्वारी निघाल्यावर द्या.

आपण आपल्या मालाला रास्त भाव मागतो. मग आपल्या बाजूने उभ्या राहणाऱ्याच्या घामाचा भाव आपणच पाडायचा का? याचा विचार करून घरी जा.