पाण्याखालचे काम



या व्यासपीठावरून विद्वान मंडळी साहित्य, इतिहास, अध्यात्म यांवर बोलतात. आमची शाळा सातवीतच संपली. पुढचे शिक्षण झाले ते मुंबईच्या बंदरकाठी, कामगारांच्या सभांतून आणि रद्दीच्या दुकानातून आणलेल्या पुस्तकांतून. तेव्हा आम्ही आमच्या ओळखीचाच विषय घेतो: जुनी मोटारनौका पाण्याबाहेर काढली म्हणजे तिच्या तळाशी चालणारे काम.

गेटवेला उभे राहून आपण हौशी लोकांच्या नौका पाहता. वरचा पांढरा रंग दिसतो, लखलखीत कठडे दिसतात. नौका चालते ती मात्र न दिसणाऱ्या सामग्रीवर. इंजिनापासून मागे गेलेला शाफ्ट, तो जिथून बाहेर पडतो ती नळी, बाहेर त्याला पेलणारे बेअरिंग, टोकाचा पंखा आणि त्यामागे सुकाणू. हे सारे पाण्याखाली असते.

नौका वर घ्यायची ती भरतीच्या हिशेबाने. आमचे कोळी बांधव तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमेला बाराच्या आतबाहेर. लहान स्लिपवर मोठी नौका चढते ती अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला, आणि उतरते तीही उधाणालाच. म्हणजे कामाला मुदत सुमारे पंधरा दिवसांची. ती चुकली की आणखी पंधरवडा खोळंबा आणि जागेचे भाडे. कामगाराच्या मानेवर बसलेली ही घाई अशी चंद्राकडून येते. तिचा फायदा मात्र दुसरेच घेतात.

आता काम पाहू. प्रथम शेवाळ आणि कवचाचे जीव खरवडून काढायचे. मग फिटर शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवतो. बेअरिंग म्हणजे पितळी नळी आणि आत खाचा असलेले रबर. त्या खाचांतून खेळणारे समुद्राचे पाणी हेच त्याचे वंगण. दोन इंची शाफ्ट दीड मिलिमीटर हलू लागला की बेअरिंगचे आयुष्य संपले असे समजावे. नळीच्या आतल्या तोंडाशी पॅकिंग असते. शाफ्ट फिरताना तिथून थेंब थेंब पाणी यावे, ही गळती नव्हे, गरज आहे. मुळीच पाणी येऊ नये म्हणून जो पॅकिंग आवळतो, तो शाफ्ट जाळतो.

पंख्यावर हातोडी हलकेच मारावी. चांगली धातू घंटेसारखी वाजते. आवाज बद्द आला आणि खरवडल्यावर रंग गुलाबी दिसला, तर धातूतले जस्त खाऱ्या पाण्याने खाल्ले, उरले ते पोकळ तांबे. हे टळावे म्हणून शाफ्टवर जस्ताचे ठोकळे बसवतात. ते आधी झिजतात आणि पंखा वाचतो. अर्धे झिजले की बदलावेत, आणि त्यांना रंग कधीच लावू नये. रंगवलेले जस्त कोणालाच वाचवत नाही. शेवटी नौका पाण्यात गेल्यावर इंजिन व शाफ्ट एका रेषेत आहेत का हे पुन्हा तपासायचे, कारण जुने लाकूड जमिनीवर एक आकार धरते आणि पाण्यात दुसरा.

एका नौकेची हकीकत सांगतो. आमच्या एका फिटरने शाफ्ट हलवला आणि म्हणाला, "मुकादम, बेअरिंग गेलंय." मुकादम म्हणाला, "परवाच्या भरतीला नौका उतरली पाहिजे. पॅकिंग आवळ आणि सोड." फिटर संध्याकाळी आमच्याकडे आला. "दादा, काय करू?" आम्ही म्हणालो, "एवढ्यासाठी काम घालवू नकोस. सांगितलंस ना? झालं तर मग."

तीन आठवड्यांनी भर समुद्रात शाफ्ट थरथरू लागला, कपलिंगचे बोल्ट तुटले आणि शाफ्ट मागे सरकला. पंखा सुकाणूला अडला म्हणून तो पुरता निसटला नाही. नाहीतर तळाला दोन इंची भोक पडून दोन खलाशी नौकेसह बुडाले असते. दुसऱ्या होडीने त्यांना ओढून आणले. ठपका आला फिटरवर: त्याने पॅकिंग जास्त आवळले! मुकादमाला काही आठवेना. कागद कुठेच नव्हता. त्याची अडकलेली मजुरी आम्ही भांडून मिळवली, पण त्या स्लिपवर त्याला पुन्हा कोणी बोलावले नाही. त्या संध्याकाळचा सल्ला आमचा होता, हे आम्ही त्याच्या बायकोसमोर कबूल केले. ती म्हणाली, "भाऊ, आता सांगून काय?"

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याने जहाजे-होड्यांची दुरुस्ती हे कारखान्याचे काम मानले होते. पण मूळ कायद्यात यंत्रशक्ती वापरत असतील तर १० आणि नसेल तर २० कामगार लागत. आमच्या स्लिपवर माणसे सात-आठ. कायदा दारापर्यंत आला आणि माणसे मोजून परत गेला.

म्हणून आम्ही एक साधी वही सुरू केली. शाफ्ट किती हलला, पंख्याचा आवाज कसा, जस्त किती उरले, फिटरने काय सांगितले आणि 'राहू दे' असे कोणी म्हटले, हे सारे तारखेनिशी लिहायचे. खाली दोघांच्या सह्या. पहिल्या वर्षी मालक हसले. पण सही करायची वेळ आली की 'राहू दे' म्हणणारे पेन खाली ठेवतात आणि बेअरिंग मागवतात, हा आमचा अनुभव आहे.

श्रोतेहो, आपल्यापैकी बहुतेकांचा नौकेशी संबंध येणार नाही. पण आपल्या इमारतीची लिफ्ट, शाळेची बस, नळाची टाकी यांचेही काही काम असे पाण्याखालचेच असते. ते करणारा माणूस जेव्हा "हे गेलंय" म्हणतो, तेव्हा त्याचे म्हणणे तिथल्या तिथे लिहून घ्या. आम्ही एकदा ते लिहून घेतले नव्हते.